हा शीण नव्हे

१४ एप्रिल जवळ आला की ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचत बसत, म्हणून आपली पोरंपोरी अठरा तास बसतात. चांगली गोष्ट आहे. बसावं. पण या अठरा तासांत तीनदा चहा होतो, एकदा पोहे होतात, रात्री खिचडी होते. ती करणारी बाई पहाटे पाचला उठलेली असते आणि पातेली घासून रात्री उशिरा आडवी होते. तिचेही तास मोजले तर अठरावर जातील. ते कुणी मोजत नाही. बाईचं काम अन् बाईचा शीण या दोन्ही गोष्टी आपण सगळ्यांनीच गृहीत धरलेल्या आहेत. कार्यकर्त्यांनी तर जास्तच.

मित्रांनो, मला या शिणाबद्दल कधीतरी लिहायचंच होतं. पण मधल्या काळात मला दुसऱ्याच एका थकव्यानं गाठलं. त्याची जात निराळी आहे.

मी बिडकीनची. पैठण रोडवरचं गाव, शहरापासून पंचवीसेक किलोमीटर. आमच्या वस्तीतल्या बाया खुरपायला जातात, कापूस वेचायला जातात, मोसंबीच्या बागेत जातात. मी बारावी शिकले, मजुरीही केली आणि वस्तीतलं महिला मंडळही चालवलं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी डाव्या स्तनात गाठ लागली. ती कर्करोगाची निघाली. ऑपरेशन झालं, स्तन काढला. त्यानंतर लाल सलाईन. अ‍ॅड्रियामायसिन तिचं नाव, पण आम्ही बाया लाल सलाईनच म्हणायचो, कारण औषध खरंच लालभडक असतं आणि नंतर लघवीही तांबडी होते. दर एकवीस दिवसांनी एक, अशा चार. मग दुसरं औषध, दर आठवड्याला एकदा, बारा आठवडे. मग शेक. या सगळ्यात केस गेले, तोंडाला फोड आले, नखं काळी पडली. हे लोकांना दिसलं. लोक हळहळले. जे दिसलं नाही ते सांगते.

आपल्या बोलीत थकण्याला शब्द कमी नाहीत. दम लागतो, कंबर मोडते, हातपाय मोडून येतात, शीण येतो. पण हे सगळे शब्द कामाच्या मागून येणारे आहेत. दिवसभर कापूस वेचला, चाळीस किलो भरला, घरी आलं, भाकरी खाल्ली, आडवं झालं, पहाटेपर्यंत शीण गेला. शीण ही कामाची पावती असते. तो झोपेनं जातो. मला जे झालं ते काम न करता झालं आणि झोपून गेलं नाही. दहा तास झोपून उठायचं आणि अंग असं, जसं रात्रभर कुणी बडवलंय. तांब्या उचलताना विचार करावा लागायचा. परातीपुढं बसायचे, पीठ मळायचे, आणि मळून झालेल्या पिठाकडं बघत राहायचे. पुढं काय करायचं असतं ते आठवायचं नाही असं नाही, पण त्या आठवण्याला जेवढं बळ लागतं तेवढंही नसायचं. महिला मंडळाचा जमाखर्च वीस वर्षं तोंडपाठ असणारी मी, बेरीज करताना हातचा विसरायला लागले. जुन्या बाया याला गळाठा म्हणतात. अंगाला गळाठा आला, म्हणतात. मला सापडलेला सगळ्यात जवळचा शब्द तोच.

डॉक्टरी शास्त्रात हा थकवा आता वेगळा आजार मानला जातो. केलेल्या कामाशी त्याचं प्रमाण जुळत नाही आणि विश्रांतीनं तो हटत नाही, ही त्याची ओळख. केमो किंवा शेक घेणाऱ्या बहुतेक रोग्यांना तो येतो. केमोचा थकवा लाटेसारखा असतो. सलाईननंतरचे चार-पाच दिवस सगळ्यात वाईट, मग हळूहळू सावरतं, जरा बरं वाटायला लागलं की पुढची सलाईन. शेकाचा थकवा उलटा, तो साचत जातो. पहिल्या आठवड्यात वाटतं काहीच होत नाही. शेवटच्या आठवड्यात पायऱ्या चढवत नाहीत. आणि शेक संपल्यावरही तो काही आठवडे तसाच राहतो. नेमका याच वेळी सगळा गाव म्हणतो, झालं बाई, सुटलीस. साधारण चारांतल्या एकीला तर तो पुढं कित्येक वर्षं पुरतो.

कारणं एक नाही. रक्त कमी होतं. रोगाशी आणि औषधाशी झगडताना शरीरात जी आग पेटते, तिचा परिणाम मेंदूपर्यंत जातो. पाळी अचानक बंद होते, रात्री घाम सुटून झोप मोडते. थायरॉईड बिघडलेलं असू शकतं. मन खचलेलं असतं. खाणं जात नाही. यातल्या रक्ताचं घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बाया रक्त कमी असलेल्या निघाल्या. म्हणजे कर्करोग यायच्या आधीच निम्म्याहून जास्त बायांची टाकी अर्धी. माझं हिमोग्लोबिन दुसऱ्या सलाईनला आठ होतं. बाईचं बारा तरी पाहिजे. रक्त वाढवलं तेव्हा थोडा फरक पडला. सगळा नाही.

पण हे सगळं कळण्याच्या आधी मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांची उत्तरं ऐका.

जाऊ म्हणाली, "दिसायला तं चांगली दिसतीस. बसून बसून अंग जड झालं तुहं."

सासू म्हणाली, "आम्ही बाळंत होऊन पाचव्या दिवशी खुरपायला गेलो बाई." खोटं नव्हतं ते. ती खरंच गेली होती.

आणि एका डॉक्टरनं, नाव सांगत नाही, माझ्याकडं न बघता सांगितलं, "तुम्हाला तर कामाची सवय असते. थोडा अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या."

या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. तुम्हाला सवय असते. हे 'तुम्हाला' म्हणजे कोण? बाया? मजूर? की आमच्या वस्तीतल्या बाया? हजारो वर्षं आपल्याला सांगितलं गेलं की तुमचं अंगच कष्टासाठी बनवलंय. उन्हाचं, ओझ्याचं, घाणीचं तुम्हाला काही वाटत नाही. मनूनं वेगळ्या भाषेत सांगितलं, टॉनिक लिहून देणारा वेगळ्या भाषेत सांगतो. ज्या अंगाला थकायची परवानगीच नाही त्या अंगाला थकव्याचा आजार कसा होणार? आणि वाईट हे, की सासूच्या तोंडूनही तेच निघतं. तिनं ते अभिमानानं धरून ठेवलंय, कारण तिच्याजवळ अभिमान धरायला दुसरं फार काही दिलेलंच नाही.

दवाखान्यात एक प्रश्नांचा कागद असतो. रोग्याचं जगणं किती सुसह्य आहे ते त्याच्यावरून मोजतात. कागद मूळचा युरोपातला. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनं तो हिंदी-मराठीत आणून स्तनाच्या कर्करोगाच्या बायांवर तपासून घेतला आणि २००५ साली ते प्रसिद्ध केलं. काम चांगलं झालं, त्यामुळं निदान थकव्याबद्दल विचारायची सोय झाली. पण त्या मूळ कागदात पहिलाच प्रश्न असा, की जड पिशवी किंवा सुटकेस उचलण्यासारखी कामं करताना त्रास होतो का? मला हसू आलं. सुटकेस! आमच्या वस्तीत सुटकेस लग्नात एकदा येते आणि पलंगाखाली जाते. आम्हाला विचारायचं तर विचारा, पऱ्हाटीचा भारा डोक्यावर चढवता येतो का, हंडा कडेवर टिकतो का, ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात त्या हातानं भाकरी थापता येते का. दिवसा पडून राहावं लागतं का, असंही त्यात विचारतात. आता याला काय उत्तर द्यावं? लागतं. पण राहता येत नाही.

आणि चालण्याची गंमत सांगते. या थकव्यावर सगळ्यात जास्त पुरावा कशाचा आहे? चालण्याचा. ऐकायला उलटं वाटेल, पण पडून राहिलं की स्नायू झडतात आणि थकवा वाढतो. रोज थोडं थोडं, झेपेल तेवढं चालणाऱ्या बायांचा थकवा कमी होतो, हे पुष्कळ देशांत पुन्हापुन्हा तपासून झालंय. मला सिस्टरनी सांगितलं, दहा मिनिटांपासून सुरू करा, अर्ध्या तासापर्यंत न्या. मी म्हटलं, सोपं आहे. पहिल्याच दिवशी निघाले तर दारादारातून आवाज. "कुठं चालली?" "कुणाकडं चालली?" "काय आणाया चालली?" आमच्याकडं बाई रिकाम्या हातानं, कामाशिवाय रस्त्यानं चालूच शकत नाही. चालते ती पाण्याला, सरपणाला, दळणाला, रोजाला. निस्तं चालायचं म्हणजे एक तर डोकं फिरलं, नाही तर नवऱ्याशी भांडली. मग मी तिसऱ्या दिवसापासून हातात दुधाचा रिकामा डबा घेतला. डबा दिसला की कुणी विचारत नाही. दोन महिने मी तो रिकामा डबा फिरवला. त्या डब्यानं मला टॉनिकपेक्षा जास्त गुण दिला.

कुणी म्हणेल, चालायचंच तर मग मजुरी काय वाईट? इथं नीट समजून घ्या. चालताना मी दम लागला की कडुलिंबाखाली बसत होते. मुकादमापुढं बसता येत नाही. अंगाला ताकद देणारं चालणं आणि ताकद काढून घेणारं काम यांत हाच फरक आहे.

आता अंतराचं. शहरात आमखास मैदानाजवळचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ साली सुरू झालं. त्याच्याआधी मराठवाड्यातल्या गरीब माणसाला मुंबईला टाटाला जावं लागे, नाही तर बार्शीला. आमच्या वस्तीतली एक म्हातारी त्या काळात गेली. तिच्या पोरांनी मुंबईच्या फुटपाथवर दिवस काढले. त्या मानानं आम्ही नशीबवान. पण शेक रोज घ्यावा लागतो, आठवड्याचे पाच दिवस. जुन्या पद्धतीत पंचवीस वेळा. बिडकीनहून येऊन-जाऊन पन्नास किलोमीटर धरा, म्हणजे साडेबाराशे किलोमीटर. मशीनखाली पडायचं दहा-पंधरा मिनिटं, आणि त्यासाठी दिवस जातो. सकाळी एसटी नाही तर काळीपिवळी, शहरात उतरून रिक्षा, नंबर, परत तेच. विलायतेत मोठ्या चाचण्या झाल्या, २००८ साली निकाल आले, आणि सिद्ध झालं की पंधरा वेळांत तेवढाच गुण येतो. २०१५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत असंही निघालं की कमी दिवसांचा शेक घेणाऱ्या बायांना थकवा कमी आला. माझे पंधराच झाले. दहा दिवस वाचले. दहा दिवस म्हणजे पाचशे किलोमीटर. कागदावर हा शास्त्राचा बारीकसा मुद्दा दिसेल. काळीपिवळीत मागच्या बाकड्यावर, काखेत जखम घेऊन बसणाऱ्या बाईला विचारा.

मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. त्याचा उपयोग झाला, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या शिवारात ऑरिकची औद्योगिक वसाहत झाली, हजारो एकर जमिनी गेल्या, विमान उतरेल एवढे रुंद रस्ते झाले. २०२४ साली टोयोटाचा करार झाला. त्या रुंद रस्त्यांवरून आमची काळीपिवळी जात नाही, ही वेगळी गोष्ट.

पैशाचं बोलते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, सलाईन, शेक बसतं. जोतिबांच्या नावाची ही योजना नसती तर मी हे लिहायला राहिले नसते. पण योजना उपचाराचे पैसे देते. बुडालेल्या रोजाचे नाही. वर्षभर मी एक रुपया कमावला नाही. संजय गांधी निराधार योजनेत कर्करोगाचा रोगी बसतो, उत्पन्नाच्या अटीत असेल तर महिन्याला १५०० रुपये. अर्ज तहसीलला पैठणला. बऱ्याच बायांना हे माहीतच नसतं. कार्यकर्त्यांनो, हे तुम्हाला तरी माहीत होतं का?

याच तालुक्यातला कुणी कंपनीत विमा योजनेखाली, म्हणजे ईएसआयखाली असेल आणि त्याची नोकरी पुरेशी झालेली असेल, तर कर्करोगासारख्या लांबच्या दुखण्यात त्याला वाढीव रजा मिळते आणि मजुरीच्या ८० टक्के पैसे मिळतात. तो मूळ कायदा १९४८ चा. आणि या कायद्यांच्या मुळाशी कोण उभं आहे? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूनं उभे राहिले. बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळाली पाहिजे, त्यात राष्ट्राचं हित आहे, असं ते बोलले. पुढं मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं बिल त्यांनीच मांडलं. आपण त्यांचे अठरा तास पाठ केले. त्यांनी दुसऱ्यांच्या कामाचे तास कमी केले, हे भाषणात कुणी सांगत नाही. थकणं हा त्यांनी गुन्हा मानला नाही. विश्रांतीला त्यांनी कायद्यात जागा केली. ती जागा कारखान्याच्या दारापर्यंत आली आणि तिथंच थांबली. शेतात आली नाही. चुलीपुढं तर नाहीच.

पँथरचं नाव आपण अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. त्यांच्यातलीच एक कवयित्री होती, ऑड्रे लॉर्ड. १९७८ साली तिचा स्तन काढला. नकली स्तन लाव म्हणून तिला सांगितलं गेलं. ती नाही म्हणाली. १९८० साली तिनं 'द कॅन्सर जर्नल्स' हे पुस्तक लिहून सगळं उघड केलं. आजही अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगानं मरण्याचं प्रमाण गोऱ्या बायांपेक्षा काळ्या बायांत सुमारे ४० टक्के जास्त आहे. रोग होण्याचं प्रमाण जास्त नाही, मरण्याचं आहे. तिथं हा हिशेब निघतो, कारण ते वंश लिहितात. आपल्याकडं बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही आहे, देशातली ग्रामीण भागातली पहिली. मोठं काम आहे ते. पण देशभरच्या या नोंदवह्यांच्या अहवालात वय असतं, लिंग असतं, जिल्हा असतो. कुठल्या जातीची बाई किती उशिरा आली आणि किती लवकर मेली, याचा तक्ता नसतो. हा तक्ता मागण्याचं काम कुठल्या मोर्च्यानं अजून हातात घेतलेलं मी पाहिलं नाही.

माझ्या आजारपणात चळवळीतली माणसं आली. येणारच, वीस वर्षांचा संबंध. सफरचंदं आणली. एकानं फोटो काढला. म्हणाले, "ताई, झुंज द्या. तुम्ही भीमाची लेक आहात." मी मान हलवली. मनात म्हणत होते, बाबांनो, झुंज अंगात औषध देतंय. मला एक हंडा पाणी भरून द्या. जायकवाडीचं पाणी पैठणहून शहराला जातं ते आमच्या रस्त्याच्या कडेनं जातं, आमच्या नळाला कधी येईल त्याचा भरवसा नाही. नवरा ठेकेदाराकडं कामाला, बारा तासांची पाळी. पोरगी दहावीला. तिची शाळा सुटू नये म्हणून मी तिला भाकरीला बसवत नव्हते, आणि तीच गोष्ट सासूला खुपत होती. घरात बाई आजारी पडली की तिचं काम दुसऱ्या बाईवर जातं, आणि सगळ्यात आधी पोरीवर. शाळेची पहिली सुट्टी तिथं लागते.

त्या फोटोवाल्यांत एक पोरगा होता, एमएसडब्ल्यू करणारा. तो दुसऱ्या दिवशी एकटा आला. बोलला काही नाही. हंडे उचलले, भरून आणले. मग रोज यायला लागला, सलाईननंतरचे पाच दिवस न चुकता. वस्तीतल्या पोरांनी त्याला हसून घेतलं. "पाणक्या झाला रे," म्हणाले. तो म्हणाला, "चवदार तळं काय भाषणापुरतं होतं का?" तेव्हापासून हसणं जरा कमी झालं. भाकरी मात्र त्याला आली नाही. नकाशे थापायचा.

भाकरीचं काम मंडळातल्या पाच जणींनी वाटून घेतलं. कुणी उपकार म्हणून नाही. पाळ्या लावल्या, वहीत लिहून. वही असली की विसरत नाही आणि बोलूनही दाखवता येत नाही. शिवाय लाज वाटत नाही घेणाऱ्याला. डॉक्टरला काय विचारायचं तेही त्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही लिहून ठेवलं: रक्त तपासलं का, थायरॉईड तपासलं का, झोप का लागत नाही, रडू का येतं. 'अशक्तपणा' म्हणायचं नाही. 'झोपून जात नाही असा थकवा' असं म्हणायचं. एवढं वाक्य पाठ करून गेलं की समोरचा मान वर करून बघतो, असा माझा अनुभव आहे.

मला आता उपचार संपून दीड वर्ष झालं. गळाठा पूर्ण गेला नाही. दुपारी दोनच्या सुमाराला येतो आणि तासभर बसतो. मी तेव्हा पडते. सासू बघते आणि काही बोलत नाही.

पलीकडच्या तांड्यावरच्या एका बाईला गाठ निघालीय. तीन लेकरं, धाकटं चार वर्षांचं. ऑपरेशन झालं. पहिली लाल सलाईन येत्या सोमवारी आहे. पाण्याची पाळी पूर्ण लागलीय, तो पोरगा आणि त्याचे दोन मित्र आहेत. भाकरीच्या वहीत बुधवार आणि शनिवार मोकळे आहेत. अभ्यासाच्या उपक्रमातल्या कुणाला जमत असेल तर या. पीठ मी मळून ठेवीन.